एवढ्याशा गावात एवढं मोठं कोर्ट कशाला?

भटक्या_केएस: अमेरिकेतल्या कॅन्ससमधून जाताना कॉटनवूड फॉल्स गावात थांबलो. वस्ती हजाराच्याही आत, विटांचा रस्ता अन् त्याच्या टोकाला लाल छपराचं दगडी कोर्ट, एकदम राजवाडाच! एवढ्या लोकांसाठी हे कुणी बांधलं अन् का? कुणाला माहितीये का?

चुनखडी: अरे ते चेस काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) कोर्टहाऊस, १८७३ चं. आर्किटेक्ट जॉन हॅस्केल, राजधानी टोपीकाच्या स्टेट कॅपिटलवर, म्हणजे विधानभवनावर पण त्यानेच काम केलंय. दगड कुठून आणावा लागलाच नाही, तिथे जमीन उकरली की चुनखडीच लागते. आत गेलास का? अक्रोडाच्या लाकडाचा गोल जिना आहे, नदीकाठच्याच झाडांचा, चुकवू नकोस. आणि जुना तुरुंगही आहे आत.
कशाला म्हणशील तर तेव्हा सगळ्यांना वाटायचं आपलं गाव वाढणार, आणि एकदा असं दगडी कोर्ट उभं राहिलं की काउंटी सीट, म्हणजे काउंटीच्या मुख्य गावाचा मान, दुसरीकडे पळवणं अवघड, कॅन्ससमध्ये त्यावरून काही ठिकाणी बंदुका निघाल्यात बाबा.

भटक्या_केएस: मग वाढलं का नाही?

रानगवत: एक तर रेल्वेची मेन लाईन गावात आलीच नाही, दोनेक मैलावरच्या स्ट्राँग सिटीतून गेली, त्या गावाचं नावच सांता फे रेल्वेच्या प्रेसिडेंटवरून पडलंय. आणि फ्लिंट हिल्समध्ये, म्हणजे इथल्या टेकड्यांच्या भागात, मातीखाली लगेच दगड, नांगर चालत नाही, म्हणून सगळी गुरं. गुरांना माणसं कमी लागतात, विषय संपला. पण त्यामुळेच तिथलं उंच गवत टिकलं, १९९६ पासून जवळच त्या गवताचं नॅशनल प्रिझर्व्ह, म्हणजे राखीव रानही आहे.
माझं मत विचारशील तर गाव आज जिवंत आहे ते काउंटी सीट असल्यामुळेच. जमिनीची नोंदणी, टॅक्स, गाडीची नंबरप्लेट, ज्युरी, सगळ्याला रँचवाल्यांना इथेच यावं लागतं, मग आलोच आहोत तर कॉफी, गप्पा, गुरांचे भाव. वसंतात नवं गवत यावं म्हणून कुरणं जाळतात तेव्हाही आधी शेरीफच्या ऑफिसला कळवायचं, मग शेजारचे पाण्याच्या टाक्या घेऊन हजर, आज तुझं रान उद्या माझं.

चुनखडी: +१. जूनच्या सुरुवातीला जा, स्ट्राँग सिटीत रोडिओ (काउबॉयांचे घोड्या-बैलांवरचे खेळ) असतो, १९३०च्या दशकापासून चालू आहे. कोर्ट मात्र वर्किंग डेला बघ, आत काम चालू असतं तेव्हा मजा आहे.