मदत हवी आहे: सात महिन्यांचं पिल्लू तीन आठवडे लंगडतंय, एक्स-रेमध्ये काहीच नाही

लॅब्रडॉर, नर, वय ७ महिने, वजन २७ किलो. उजव्या पुढच्या पायाने लंगडतो. पडला किंवा पाय कुठे अडकला, असं काही घडल्याचं दिसलेलं नाही. झोपून उठल्यावर पहिली दहा-पंधरा पावलं जास्त लंगडतो, मग कमी होतं. संध्याकाळी चेंडूमागे पळाला की रात्री परत वाढतं. खाणं नेहमीसारखं, सूज दिसत नाही. व्हेटनी मनगट आणि खांद्याचा एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. पाच दिवस मेलॉक्सिकॅम (दुखणं आणि दाह कमी करणारं औषध) दिलं तेव्हा ठीक होता, बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पिल्लांसाठीचं तयार खाणं देतो, शिवाय हाडांसाठी कॅल्शियमचं सिरप. आता पुढे काय तपासायचं?

प्रतिसाद

आधी पाय खरंच उजवाच आहे ना, याची खात्री करा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकवताना कुत्रा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकवताना खाली आणतो. त्यामुळे डोकं खाली जातं तो पाय दुखरा वाटतो आणि हमखास गल्लत होते.

व्हिडिओ काढा. सपाट, कडक, न घसरणारी जमीन हवी आणि पट्टा सैल. समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी, आधी चालताना, मग हलकं दुडकताना. मोबाईल कुत्र्याच्या उंचीवर धरा आणि स्लो मोशनमध्येही घ्या. दवाखान्यात घाबरलेलं पिल्लू बऱ्याचदा सरळ चालतं, तेव्हा हाच व्हिडिओ कामाला येतो. झोपून उठल्यानंतरची पहिली पावलं त्यात असायलाच हवीत.

मग पंजा, चांगल्या उजेडात. बोटांच्या बेचक्या, प्रत्येक नखाचं मूळ, आतल्या बाजूचं वरचं नख, तळव्याच्या गाद्या आणि मनगटामागची छोटी गादी. चिरलेलं नख किंवा रुतलेला काटा केसांत सहज लपतो. मात्र तीन आठवडे तसाच टिकलेला लंगडेपणा, तोही उठल्यावर जास्त, हे लक्षण पंज्यापेक्षा सांध्याकडे बोट दाखवतं.

प्रतिसाद

मनगट झालं, खांदा झाला, पण कोपराचा एक्स-रे कुठे आहे? या वयात, या जातीत, पुढच्या पायाच्या लंगडण्यात सगळ्यात आधी कोपर बघायला हवं. एल्बो डिसप्लेशियाची, म्हणजे कोपराचा सांधा नीट न घडण्याच्या आजाराची लक्षणं साधारण ४ ते १० महिन्यांत दिसू लागतात. कोपराच्या आतल्या बाजूला अल्ना हाडाचं कोरोनॉइड नावाचं छोटं टोक असतं. त्याला चीर जाते किंवा त्याचा तुकडा सुटतो. विश्रांतीनंतर आखडणं आणि धावपळीनंतर वाढणं, हे दोन्ही तुमच्या वर्णनात आहे.

एक्स-रे काढायला सांगाल तेव्हा दोन्ही कोपरांचा सांगा. हा आजार पुष्कळदा दोन्हीकडे असतो आणि कमी दुखणारी बाजू झाकली जाते. शिवाय वाढीच्या वयात ग्रोथ प्लेटची, म्हणजे हाड जिथून वाढतं त्या कूर्चेच्या पट्ट्याची रेघ फ्रॅक्चरसारखी दिसते, म्हणून दुसऱ्या पायाशी तुलना लागतेच. पाय पूर्ण दुमडून बाजूने घेतलेला फोटो महत्त्वाचा असतो. पिल्लू हललं तर फोटो वाया जातो, त्यामुळे थोडी गुंगी देणंच बरं. तरीही सुटलेला तुकडा साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा थेट दिसत नाही, सांध्यातले नंतरचे बदल तेवढे दिसतात. तपासताना कोपर दुखत असेल आणि एक्स-रे स्वच्छ आला, तर पुढची पायरी सीटी स्कॅन.

खांद्यात ओसीडी होतो, म्हणजे दंडाच्या हाडाच्या गोल टोकावरच्या कूर्चेचा पापुद्रा सुटतो. पाय पुढे ताणला की कुत्रा आक्रसतो. खांद्याचा फोटो नीट बाजूने घेतला असेल तर ही शक्यता कमी धरा.

दुसरा मोठा संशयित पॅनोस्टायटिस. मोठ्या जातींच्या पिल्लांत ५ ते १८ महिन्यांच्या दरम्यान लांब हाडांच्या आत दाह होतो. लंगडणं पाय बदलत फिरतं, हाडाच्या मधल्या भागावर दाबलं की कळ येते आणि यथावकाश ते आपोआप थांबतं. दुखणं सुरू झाल्यावर पहिले काही दिवस एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. मात्र तपासणी न करता प्रत्येक लंगडणाऱ्या पिल्लाला ‘वाढीचं दुखणं आहे, जाईल’ म्हणून सोडून देऊ नये. कोपराचे महत्त्वाचे महिने असेच निघून जातात.

प्रश्नकर्ता

पाय बदललेला नाही, कायम उजवाच. बसतो तेव्हा हा पंजा बाहेरच्या बाजूला वळलेला असतो. दाबून बघायचं तर घरी कसं बघू? सिरप चालू ठेवू का?

प्रतिसाद

सिरप आजच बंद. पिल्लांच्या तयार खाण्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. साधारण सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम नीट अडवता येत नाही, ते शरीरात शिरतं आणि हाडांची, कूर्चेची घडण बिघडते. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचंच खाणं द्या आणि मोजून द्या. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत.

दाबून बघताना पिल्लू कुशीवर, शांत. आधी चांगला पाय, म्हणजे त्याची नेहमीची प्रतिक्रिया कळते. बोटांपासून वर या. हाडाच्या मधल्या भागावर स्नायू बाजूला सारून हलकेच दाबा, मग एकेक सांधा सावकाश दुमडा आणि ताणा. कोपर दुमडताना खांदा हलू देऊ नका, नाहीतर दुखतंय कुठलं ते कळणार नाही. पाय ओढून घेणं, ओठ चाटणं, एकदम मान वळवणं हेही दुखल्याचंच लक्षण. तो ओरडेपर्यंत दाबायचं नाही.

प्रतिसाद

तापमान हात लावून ठरवू नका. गुदद्वारात डिजिटल थर्मामीटर लावून ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस आलं तर ठीक. ताप, मरगळ आणि पाय बदलत लंगडणं असं एकत्र असेल तर गोचिडांमुळे होणाऱ्या आजारांसाठी रक्त तपासा, त्यात सांधे सुजतात. मनगटाच्या वर गरम सूज आणि ताप असेल तर एचओडी हा हाडांचा वेगळा आजार असू शकतो. पाय अजिबात टेकवत नसेल, वाकडा दिसत असेल किंवा बोटं थंड पडली असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

उरलेलं मेलॉक्सिकॅम मनाने देऊ नका. दुखणं झाकलं की पिल्लू उड्या मारतं आणि तोच सांधा आणखी घासतो, तपासताना दुखरी जागाही सापडत नाही. माणसांचं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक तर कधीच नाही. व्हेटनी पुन्हा गोळी दिली तर खाण्यानंतर द्या. उलटी किंवा काळी शी झाली की थांबवून लगेच कळवा. सोबत स्टेरॉइड नको.

निदान होईपर्यंत फक्त पट्ट्यावर, दिवसातून तीन-चार वेळा ५ ते १० मिनिटं. चेंडू, जिने, सोफ्यावरून उडी, इतर कुत्र्यांशी मस्ती बंद. गुळगुळीत फरशीवर रबरी चटया घाला. आठवडाभर बांधून ठेवून एक दिवस मोकळं सोडलं तर सगळं पाण्यात जातं. ऊर्जा जिरवायला खाणं जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून शोधायला लावा.

प्रश्नकर्ता

सांगितलं तसं बघितलं. लांब हाडांवर काही नाही. कोपर पूर्ण दुमडलं की दोन्ही वेळा पाय ओढून घेतला, डाव्या पायाला तसं केलं नाही. तापमान ३८.७.

प्रतिसाद

मग ऑर्थोपेडिक शस्त्रक्रिया करणाऱ्या व्हेटची वेळ घ्या. व्हिडिओ आणि जुन्या एक्स-रेच्या मूळ डिजिटल फाइल्स न्या, मोबाईलवर काढलेला फोटो नको. ‘कोपर दुमडल्यावर दुखतं, बसताना पंजा बाहेर वळतो’ हे याच शब्दांत सांगा आणि दोन्ही कोपरांचा एक्स-रे व सीटी एकाच गुंगीत होईल का ते विचारा. उपाशी किती तास ठेवायचं हे वेळ ठरवतानाच विचारून घ्या. तुकडा सुटलेला निघाला तर तो दुर्बिणीतून काढता येतो. सांधा झिजण्याआधी गाठला तर निर्णय घ्यायला जास्त वाव राहतो.