जुन्या मोटरबोटीची बॅटरी पाण्यात तीन दिवसांत उतरते, तळात पाणीही साठते

खाडीकाठ

नमस्कार. नारळी पौर्णिमेनंतर मी देवबागला एक वापरलेली फायबरची बोट घेतली. बोट १८ फुटी असून मागे ४० हॉर्सपॉवरचे सेल्फ-स्टार्ट आउटबोर्ड (बाहेरून बसवलेले) इंजिन आहे आणि बॅटरी १२ व्होल्ट, ८० अँपिअर-अवरची आहे. बोट कर्ली नदीच्या मुखाजवळ नांगरलेली असते.

पहिली तक्रार बॅटरीची आहे. पूर्ण चार्ज करून ठेवली तर दुसऱ्या दिवशी सकाळी १२.५, त्यानंतर १२.३ आणि तिसऱ्या सकाळी १२.० व्होल्ट दिसतात. तेव्हा चावी फिरवली की स्टार्टर नुसता टकटक करतो आणि दोरी ओढून इंजिन चालू करावे लागते. दुसरी तक्रार पाण्याची. बिल्ज पंप (तळातले पाणी बाहेर टाकणारा पंप) बंद ठेवून पाहिले तेव्हा एका रात्रीत साधारण चार बादल्या पाणी उपसावे लागले. गावातील मेकॅनिकने बॅटरी तपासून ती ठीक असल्याचे सांगितले. विशेष म्हणजे रंगकामासाठी बोट आठवडाभर वाळूवर ओढून ठेवली होती, तेव्हा तीच बॅटरी, सगळ्या वायरी जोडलेल्या असूनही, अजिबात उतरली नाही. नवी बॅटरी घेण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

वल्हेकरी

आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असावे. बिल्ज पंपाचा फ्लोट स्विच, म्हणजे पाणी वाढले की तरंगत वर येऊन पंप चालू करणारा स्विच, बहुतेक बोटींमध्ये मेन स्विचला वळसा घालून थेट बॅटरीला जोडलेला असतो, म्हणजे मालक घरी असतानाही पंपाने आपले काम करावे. पाणी झिरपते, पंप चालतो, बॅटरी उतरते. गळती बंद करा, बॅटरी आपोआप टिकेल. तोपर्यंत २० वॅटचे एक सोलर पॅनेल लावून ठेवल्यास निभावून जाईल.

जुना तारतंत्री

वर सांगितलेले जोडणीचे वर्णन बरोबर आहे, परंतु निष्कर्ष हिशोबात बसत नाही. चार बादल्या म्हणजे साधारण ५० लिटर पाणी. लहानात लहान बिल्ज पंपसुद्धा मिनिटाला १५ ते २० लिटर बाहेर टाकतो, म्हणजे रात्रभराच्या पाण्याला त्याला फार तर चार मिनिटे पुरतात. पंप ३ अँपिअर ओढतो असे धरले तरी चार मिनिटांत ०.२ अँपिअर-अवर एवढाच खर्च होतो, आणि आपल्या बॅटरीला तो जाणवणारही नाही. उलट फ्लोट अडकून पंप अखंड चालू राहिला असता, तर ८० अँपिअर-अवरची बॅटरी एका दिवसात संपली असती आणि पंपाची घरघर आपल्याला ऐकू आली असती. येथे मधलाच काहीतरी प्रवाह आहे: दिवसाला १२ ते १५ अँपिअर-अवर, म्हणजे सतत अर्धा-पाऊण अँपिअर.

माझ्या दृष्टीने आपल्या प्रश्नातील सर्वांत मोलाचे वाक्य वाळूवरच्या आठवड्याचे आहे. कोरड्यावर न उतरणारी बॅटरी पाण्यात उतरत असेल, तर विजेची वाट पाण्यातूनच जात असली पाहिजे. पंपाच्या वायरीचा जोड तळातल्या पाण्यात बुडलेला आहे का, ते पाहावे. फ्लोट स्विचकडे जाणारी धन वायर चोवीस तास जिवंत असते. तिचा उघडा जोड आणि पंपाच्या ऋण वायरचा जोड खाऱ्या पाण्यात शेजारी-शेजारी पडले, की स्विच बंद असूनही प्रवाह चालू राहतो. पंप कितीही चांगला असला तरी तळात बोट-दोन बोटे पाणी सोडतोच, आणि निष्काळजीपणे केलेले जोड नेमके तिथेच लोळत असतात.

खात्रीसाठी बोट पाण्यात असतानाच सगळे स्विच बंद करून बॅटरीची ऋण वायर काढावी आणि मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून ती वायर व बॅटरीचा ऋण ध्रुव यांच्यामध्ये जोडावा. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मात्र चुकूनही फिरवू नये, फ्यूज तत्क्षणी जाईल. हे काम करण्यापूर्वी पेट्रोलच्या टाकीजवळचे झाकण उघडून हवा खेळू द्यावी. ठिणगी पडणार हे गृहीत धरावे. आकडा मिळाला की पंपाचा फ्यूज काढून पुन्हा पाहावे.

सोलर पॅनेलने आकडे झाकले जातील, वायर मात्र खात राहील.

किनारपट्टी

गळतीबद्दल थोडे. आधी त्या पाण्याची चव घ्यावी. गोडे असेल तर ते पावसाचे, खारट-मचूळ असेल तर खालून आलेले. मग बोट ओढून, टेकू सरळ रेषेत देऊन, आतच पाणी भरावे आणि बाहेरून पाहावे. पाणी चार-पाच बोटांपेक्षा जास्त भरू नये, कारण लिटरमागे एक किलो वजन पडते आणि फायबरचा तळ बाहेरून आधाराला पाणी असताना जेवढे सोसतो तेवढे टेकूवर सोसत नाही. बाहेरचा भाग पुसून त्यावर खडूची भुकटी चोळावी, म्हणजे पहिला ओघळ लगेच उठून दिसतो. मागच्या फळीवरचा तळाचा बूच, इंजिनाचे खालचे बोल्ट आणि पंपाच्या नळीचे बाहेरचे तोंड हे तिघे नेहमीचे संशयित. नळीचे तोंड माणसे बसल्यावर पाण्याखाली जात असेल, तर पंप थांबताच पाणी उलटे आत येते. ते तोंड वर घेणे हाच उपाय आहे.

खाडीकाठ

सर्वांचे आभार. रविवारी मोजले. बोट पाण्यात, सगळे बंद: ०.६२ अँपिअर. पंपाचा फ्यूज काढला आणि आकडा ०.०२ वर आला (हे म्युझिक सिस्टिमच्या घड्याळाचे असावे). मग तळाची फळी उचलून टॉर्चच्या उजेडात पाहिले. पंपाशेजारी पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळलेले दोन जोड पाण्यात होते आणि त्यातील एका जोडातून बारीक बुडबुड्यांची रांग सतत वर येत होती. चिकटपट्टी सोडवल्यावर धन वायरीत हिरवी माती झालेली होती. तांब्याचे जेमतेम तीन-चार धागे शिल्लक होते.

गळतीही सापडली. आत पाणी भरल्यावर पाच मिनिटांत बुचाच्या पितळी कड्याखाली खडू ओला झाला. आधी कोणीतरी तिथे बाहेरून लांबी (पुट्टी) थापलेली होती आणि तिच्या आतून कड्याचे स्क्रू हातानेच फिरत होते.

जुना तारतंत्री

स्क्रू हाताने फिरत असतील तर फायबरच्या आतली प्लायवूडची फळी भिजलेली आहे. लाकडी हातोडीने आजूबाजूला ठोकून पाहावे; जिथे टणत्कार जाऊन भद्द आवाज येतो, तिथपर्यंत कुजलेले समजावे. भाग हाताएवढाच असेल तर कडे काढून, कुजके लाकूड खरवडून, पूर्ण वाळवून तिथे इपॉक्सी भरावे आणि त्यातच नवी भोके पाडून कडे पॉलियुरेथेन सीलंटमध्ये बसवावे. भद्द आवाज इंजिनाच्या बोल्टांपर्यंत पोचत असेल, तर इंजिन उतरवून मागची फळी बदलेपर्यंत बोट पाण्यात नेऊ नये.

वायर कलई केलेलीच वापरावी, साधी मोटारीची नको. जोड आतून गोंद असलेल्या आकसणाऱ्या नळीत घ्यावेत आणि पाण्याच्या कमाल पातळीच्या वर, बाजूच्या भिंतीला क्लिपने बांधावेत. बॅटरीजवळ पंपाच्या वायरीला पंपावर लिहिलेल्या क्षमतेचाच फ्यूज हवा. आपल्याकडे कितीचा आहे ते आपण लिहिलेले नाही.

खाडीकाठ

फ्यूज ३० चा होता. पंपावर ५ लिहिले आहे, तो आता ५ चाच घातला. भद्द आवाज बुचाभोवती वीतभरच येतो, बोल्टांपाशी फळी टणक आहे. इपॉक्सीचे काम झाल्यावर बोट परवा पाण्यात उतरवली. आज तिसऱ्या सकाळी १२.६ व्होल्ट आहेत आणि तळाला स्पंजने टिपण्याइतकेच पाणी आहे. स्टार्टर फिरवताना मात्र व्होल्टेज ९.२ पर्यंत खाली जाते. हे चालेल का?

जुना तारतंत्री

नाही. पूर्ण चार्ज असताना ते १० च्या आसपास तरी राहायला हवे. प्रथम बॅटरीचे ध्रुव आणि इंजिनाकडची जाड वायर घासून साफ करावी व पुन्हा मोजावे, तरीही ९.२ च दिसले तर वारंवार पूर्ण उतरल्यामुळे तिच्या प्लेटा गेलेल्या आहेत. आता नवी बॅटरी घेण्यास हरकत नाही.