पगारावरच्या ॲप-कर्जांचे पैसे खात्यातून आपोआप कापले जात आहेत. मँडेट (पैसे कापण्याची दिलेली परवानगी) थांबवता येते का?

उन्हाळी:

नमस्कार. घरातल्या आजारपणासाठी मी सहा महिन्यांपूर्वी एका मोबाईल ॲपवरून तीस दिवसांच्या मुदतीने १५,००० रुपयांची उचल घेतली. प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी कापून हातात १३,२३० रुपये आले आणि महिन्याने १९,५०० रुपये परत करायचे ठरले. ते एका पगारात शक्य नव्हते, म्हणून दुसऱ्या ॲपवरून पैसे घेतले, दुसऱ्याचे भागवायला तिसऱ्यावरून घेतले, आणि अशी याची टोपी त्याला घालता घालता आज तिघांची मिळून ५८,००० रुपयांची मागणी माझ्यापुढे उभी आहे. माझा पगार ३४,००० रुपये आहे.

खरी अडचण मात्र रकमेपेक्षा वेगळी आहे. पगार १ तारखेला जमा होतो आणि त्याच सकाळी, मी झोपेतून उठण्यापूर्वी, ६,५०० रुपये कापले गेल्याचा संदेश येतो. मागच्या महिन्यात त्याच कंपनीने ४ तारखेला पुन्हा २,००० रुपये घेतले, ५ तारखेला ९,००० रुपये घेण्याचा प्रयत्न केला आणि शिल्लक नसल्यामुळे तो परत गेला. बँकेने त्याचे ४७२ रुपये लावले. ७ तारखेला पुन्हा तोच प्रकार झाला आणि पुन्हा ४७२ रुपये गेले. याशिवाय १,१८० रुपयांची एक नोंद अशा कंपनीच्या नावाने आहे, जिचे नाव मी कधीही ऐकलेले नाही.

शाखेत गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी सांगितले की मँडेट तुम्हीच दिलेले आहे, तेव्हा कर्ज देणाऱ्याकडूनच ते रद्द करून घ्या. कर्ज देणारे म्हणतात, आधी सगळी रक्कम भरा. पैसे बुडवण्याचा माझा विचार नाही, परंतु भाडे आणि किराणा यांपुरते तरी पैसे खात्यात राहिले पाहिजेत. कायदेशीरपणे मला काय करता येईल?


दिवेलागण:

मी यातून गेलो आहे, म्हणून थेट सांगतो. कार्यालयातल्या लेखा विभागाला अर्ज देऊन पुढचा पगार दुसऱ्या बँकेतल्या खात्यात घ्या. जुने खाते रिकामे राहिले की ओढायला काही उरत नाही. मला त्या एका गोष्टीने श्वास घ्यायला जागा मिळाली. आणि कृपा करून चौथे ॲप उघडू नका.


खतावणी:

बँकेतल्या एकतीस वर्षांच्या नोकरीतून निवृत्त झालो आहे आणि त्यातली शेवटची काही वर्षे याच प्रकारच्या तक्रारी हाताळण्यात गेली. दिवेलागण यांचा सल्ला चुकीचा नाही, पण तो अर्धा आहे. खाते रिकामे ठेवले तरी मँडेट जिवंत राहते, प्रत्येक सादरीकरण (कंपनीने बँकेकडे पाठवलेली पैशांची मागणी) परत जाते, प्रत्येक परतीला बँक शुल्क लावते आणि ते शुल्क खात्यावर येणे म्हणून साचत राहते. पगार वेगळ्या खात्यात अवश्य घ्या, परंतु मागे राहिलेले दार उघडे टाकून जाऊ नका.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा, ती म्हणजे कर्ज वेगळे आणि मँडेट वेगळे. मँडेट म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे घेण्याची तुम्ही दिलेली परवानगी, आणि ती परवानगी मागे घेतल्याने कर्ज माफ होत नाही. त्याचप्रमाणे कर्ज बाकी आहे म्हणून ती परवानगी कायमची बांधील राहते, असेही नाही. काउंटरवर या दोन गोष्टींची सरमिसळ होते आणि खातेदार रिकाम्या हाताने परततो.

आता नेटबँकिंगमध्ये जा. बहुतेक बँकांमध्ये 'ई-मँडेट' किंवा 'नॅच' या नावाचे एक पान असते, आणि ते नसेल तर शाखेकडून यादी मागून घ्या. प्रत्येक मँडेटला यूएमआरएन हा वीस अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असतो. त्याच्यासमोर तीन गोष्टी वाचा: रक्कम ठरावीक आहे की 'कमाल', वारंवारता मासिक आहे की 'सादर होईल तेव्हा', आणि शेवटची तारीख कोणती. ४ आणि ५ तारखेच्या तुमच्या नोंदी पाहता, कमाल रकमेचे आणि 'सादर होईल तेव्हा' प्रकारचे मँडेट तुमच्याकडून घेतलेले असावे. असे मँडेट हाती असले की कंपनी महिन्यातून कितीही वेळा, कमाल रकमेच्या आतली कोणतीही रक्कम मागू शकते. आधार किंवा डेबिट कार्डाच्या पडताळणीत दोन बोटे दाबताना हे कोणीही वाचत नाही, त्यामुळे स्वतःला दोष देत बसू नका.

त्यानंतर दोन पत्रे लिहा. पहिले कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेलने: अमुक यूएमआरएनचे मँडेट मी मागे घेत आहे, कर्जाची जबाबदारी मान्य आहे, परतफेड मी अमुक पद्धतीने करीन, कर्जखात्याचा उतारा पाठवावा. 'जबाबदारी मान्य आहे' हे वाक्य गाळू नका. दुसरे पत्र आपल्या बँकेला: त्याच यूएमआरएनचे मँडेट रद्द करावे आणि तोपर्यंत त्यावरचे सादरीकरण थांबवावे. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी सांगून बँकेत काहीही होत नाही, हे मी आत बसलेला माणूस म्हणून सांगतो. सादरीकरणाच्या फायली पहाटे किंवा सकाळी लवकर येतात, म्हणून पत्र ३० तारखेला नेऊन देण्यात अर्थ नाही. पगाराच्या किमान आठवडाभर आधी ते शाखेत पोहोचले पाहिजे.

परवानगी यूपीआय ऑटोपे म्हणून दिलेली असेल तर ती ज्या यूपीआय ॲपमध्ये दिली त्याच्या मँडेट विभागात दिसते. तेथे रद्द करण्याचा पर्याय आहे का, ते आधी पाहा.

१,१८० रुपयांच्या नोंदीबद्दल: हे १,००० अधिक १८ टक्के जीएसटी दिसते, म्हणजे कसले तरी शुल्क असावे. ॲपचे नाव एक आणि त्यामागच्या वित्तसंस्थेचे नोंदणीकृत नाव दुसरे, असे सर्रास असते. त्यामुळे आधी ते नाव तुमच्या कर्ज करारात शोधा. ते तिथे नसेल आणि तुम्ही कोणतीही परवानगी दिली नसेल, तर तो अनधिकृत व्यवहार ठरतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेची किंवा तुमची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे असा व्यवहार झाला आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही तो कळवला, तर तुमची जबाबदारी शून्य असते. चार ते सात दिवसांत कळवल्यास ती मर्यादित असते. तक्रार आल्यावर बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम तात्पुरती जमा करायची असते.


कलमनवीस:

खतावणी यांच्या मुद्द्यांना कायद्याची एक बाजू जोडतो, कारण याच ठिकाणी लोकांना घाबरवलेही जाते आणि गाफीलही ठेवले जाते.

पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ प्रमाणे, खात्यात पुरेशी शिल्लक नसल्यामुळे इलेक्ट्रॉनिक पेमेंट परत गेले तर तो गुन्हा ठरू शकतो आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. चेक न वटण्याबाबत जी तरतूद आहे, तिचेच हे भावंड आहे. मात्र यात पायऱ्या आहेत: परतीची माहिती मिळाल्यापासून तीस दिवसांत कर्जदाराला लेखी नोटीस जावी लागते, आणि नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत रक्कम भरली तर गुन्हा पूर्ण होत नाही. तेव्हा व्हॉट्सॲपवर आलेल्या 'आज संध्याकाळी अटक' अशा धमकीला किंमत देऊ नका, परंतु रजिस्टर्ड पोस्टाने आलेली नोटीस न उघडता कपाटावरही ठेवू नका. खाते मुद्दाम रिकामे करून गप्प बसणाऱ्यापेक्षा, मँडेट लेखी मागे घेऊन परतफेडीचा प्रस्ताव देणाऱ्या माणसाची बाजू न्यायालयात कितीतरी बळकट असते.

दुसरी गोष्ट, ५८,००० हा आकडा कसा आला ते तपासा. डिजिटल कर्जवाटपाबाबत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना आणि मे २०२५ मध्ये निर्देश काढले. त्यांनुसार कर्ज देताना मुख्य तथ्य विवरणपत्र द्यावे लागते आणि त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर लिहावा लागतो. तुमच्या पहिल्या कर्जाचेच पाहा: हातात १३,२३० रुपये, तीस दिवसांनी परत १९,५००. म्हणजे महिन्याचा खर्च ६,२७० रुपये, आणि सरळ हिशेबाने वर्षाला सुमारे ५७६ टक्के. 'दिवसाला फक्त एक टक्का' या जाहिरातीमागे हे दडलेले असते. या विवरणपत्रात नसलेले कोणतेही शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर आकारता येत नाही. त्याचप्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार उशिरासाठी दंडात्मक शुल्क लावता येते, पण दंडव्याज म्हणून नव्हे, आणि ते मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याजही लावता येत नाही. उतारा मागवलात की यातल्या कितीतरी रकमा उघड्या पडतील, असा माझा अंदाज आहे.

वित्तसंस्थेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते. तिला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. अर्थात ही वाट नोंदणीकृत संस्थांपुरतीच आहे. ॲप कोणत्या संस्थेचे काम करते ते रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील डिजिटल कर्ज ॲपच्या यादीत तपासा. मागे कोणतीच नोंदणीकृत संस्था नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या तक्रार पोर्टलवर आणि पोलिसांकडे तक्रार करा.


उन्हाळी:

आपणा सर्वांचे आभार. काल रात्री मँडेटचे पान उघडले. कर्जे तीन आणि मँडेट चार निघाली. पहिल्या ॲपचे मँडेट कमाल ५०,००० रुपयांचे, 'सादर होईल तेव्हा' प्रकारचे आणि २०३४ पर्यंतचे आहे, म्हणजे तीस दिवसांच्या कर्जासाठी मी इतक्या वर्षांची किल्ली देऊन बसलो होतो. चौथे मँडेट १,१८० रुपयांचे निघाले आणि ते 'क्रेडिट सदस्यत्व' नावाच्या कसल्याशा योजनेचे आहे. अर्ज भरताना आधीच खूण केलेली एक चौकट होती, ती मी तशीच पुढे जाऊ दिली असणार.

शाखेने आज दोन्ही प्रतींवर शिक्का दिला, मात्र व्यवस्थापकांची भेट मागावी लागली. आता दोन शंका आहेत. तिघांपैकी आधी कोणाचे फेडावे? आणि वसुलीवाले माझ्या मामेभावाला फोन करू लागले आहेत, त्यांना कसे आवरावे?


दिवेलागण:

फोनबद्दल मी सांगतो. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, आणि नातेवाईक, मित्र किंवा सहकारी यांना त्रास देण्यासही आहे. कर्ज देणाऱ्या ॲपला तुमच्या फोनमधील संपर्कांची यादी, कॉलची नोंद किंवा फोटो घेण्याचा अधिकारच नाही. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या परवानग्या आजच काढा. मामेभावाला आलेल्या कॉलचे क्रमांक, तारखा आणि वेळा एका कागदावर उतरवून घ्या. माझ्या वेळी तो एक कागद तक्रार अधिकाऱ्याला पाठवल्यावर चार दिवसांत फोन थांबले होते. शिवीगाळ झाली किंवा फोटोंशी खेळ करून पाठवले गेले, तर वाट न पाहता १९३० या सायबर मदत क्रमांकावर किंवा सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार करा. नातेवाइकांना आधी आपणच सांगून टाकावे, हे मला उशिरा सुचले. लाज वाटते हे खरे, पण ती धमकी त्याच लाजेवर चालते.


खतावणी:

आधी कोणाचे, याचा नियम सोपा आहे: ज्याचा खरा वार्षिक दर सर्वाधिक आणि बाकी लहान, ते कर्ज प्रथम संपवा. इतर दोघांना दरमहा जमेल तेवढीच ठरावीक रक्कम लेखी कळवा. ३४,००० मधून भाडे आणि घरखर्च वजा करून जे उरेल तेच कबूल करा. फोनवर दडपणाखाली मोठा आकडा कबूल केला की दुसऱ्याच महिन्यात शब्द मोडतो. पगारदारांच्या पतपेढीचे सदस्य असाल, तर तिथून कमी दराचे एकच कर्ज घेऊन तिन्ही मिटवणे हा अपवाद मला मान्य आहे. एरवी नवे कर्ज नको.

सदस्यत्वाच्या मँडेटला अनधिकृत म्हणता येणार नाही, कारण पुरावा त्यांच्या बाजूने जाईल. ते लगेच रद्द करा आणि आधीच केलेल्या खुणेचा उल्लेख करून रक्कम परत मागा. मिळेलच असे नाही.

तडजोडीचा प्रस्ताव आला तर रक्कम, तारीख आणि 'यानंतर काही येणे नाही' हे शब्द संस्थेच्या अधिकृत ईमेलवरून आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. पैसे संस्थेच्या खात्यातच भरा, वसुली प्रतिनिधीच्या यूपीआयवर कदापि नाही. तडजोडीने मिटवलेले कर्ज पतअहवालात 'सेटल्ड' असे दिसते आणि पुढे गृहकर्जाच्या वेळी आडवे येते, त्यामुळे मुद्दल आणि वाजवी व्याज भरून ते 'क्लोज्ड' करून घेणे परवडत असेल तर तेच करा. शेवटचा हप्ता भरल्यावर ना-हरकत पत्र घ्या, आणि त्यानंतरच्या पगाराआधी मँडेटचे ते पान पुन्हा एकदा उघडा. कर्ज बंद होऊनही मँडेट 'सक्रिय' राहिलेले मी अनेकदा पाहिले आहे.