तालुक्यातली छोटी हॉस्पिटल्स आणि कॅशलेस: एकत्र येऊन काही होतं का?

बेडवाला_डॉक्टर:
नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं 18 बेडचं हॉस्पिटल आहे, गावात अशी अजून चार-पाच आहेत. पोरं पुण्यात नोकरीला, आईबापाची पॉलिसी त्यांच्या कंपनीतून, पण इथं कॅशलेस (बिल विमा कंपनीनं थेट हॉस्पिटलला भरणं) नाही म्हणून साध्या अपेंडिक्सला पण लोक थेट संभाजीनगर गाठतात. एम्पॅनलमेंटचा, म्हणजे विमा कंपनीच्या नेटवर्कमध्ये घ्या म्हणून, अर्ज केला की एकतर उत्तरच नाही, नाहीतर रेट असा की भूलतज्ज्ञाचं पण भागत नाही. आम्ही सगळे मिळून विमावाल्यांकडे गेलो तर ऐकतील का? कुणी केलंय का हे?

क्लेमवाला:
टीपीएत (विमा कंपन्यांसाठी क्लेम बघणारी संस्था) काढलीत काही वर्षं म्हणून सांगतो, ऐकतात, पण रेटवरून सुरुवात केलीत तर चहा पाजून परत पाठवतील. आधी कागद नीट करा. डिस्चार्ज कार्डवर एक तारीख, इनडोअर पेपरवर दुसरी, की आली क्वेरी (विमावाल्यांची शंका), आणि पेशंट बिचारा बसतो कॅश काउंटरसमोर. पाच हॉस्पिटलं मिळून विम्याचे कागद बघायला एक चांगला डेस्कवाला ठेवा, पगार वाटून घ्या, फॉरमॅट एकच ठेवा. प्रत्येकाने रोहिणी नंबर (विमावाल्यांच्या हॉस्पिटल नोंदणीतला नंबर) काढा. बाकी जानेवारी 2024 पासून 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' आलंय ना, नेटवर्कमध्ये नसलात तरी 15 बेड आणि रजिस्ट्रेशन असेल तर मागता येतं, फक्त ठरलेलं ऑपरेशन असेल तर 48 तास आधी कळवायचं आणि इमर्जन्सीत भरती झाल्यापासून 48 तासांत. तुम्ही 18 वाले, बसता त्यात.

सर्जन_मराठवाडा:
वरचं बरोबर, पण एक सांभाळा, रेट सगळ्यांनी मिळून ठरवू नका. 2002 च्या कॉम्पिटिशन ऍक्टमध्ये त्याला कार्टेल म्हणतात. (चार सरकारी विमा कंपन्या मात्र एकत्र बसून पीपीएनचे, म्हणजे त्यांच्या सामायिक हॉस्पिटल नेटवर्कचे, पॅकेज ठरवतात, असो.) रेट ज्याचा त्याने द्या, डेस्क, कागद, ॲम्ब्युलन्स एकत्र. आणि आपल्यातल्या एकानं जरी खोटी भरती दाखवली ना तर विमावाले सगळ्यांच्याच फायली बारकाईनं बघायला लागतात, तेव्हा कुणाला बरोबर घेताय ते बघून घ्या.

वर्ध्याची_ताई:
मी डॉक्टर नाही हो, पेशंटच्या बाजूनं बोलते. फुले योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, कार्ड बघतो, प्रीऑथचं (उपचाराआधीच्या मंजुरीचं) सांगतो, माणूस अर्धा तिथंच निवांत होतो. खासगी पॉलिसीवाल्याला विचारायला कुणीच नाही, तुमचा डेस्कवाला तेच करू शकेल की. आमच्या सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलनं तर विमा कंपनी मध्ये न आणता गावागावातून सुगीला ज्वारी घेऊन लोकांना योजनेत घेतलेलं. गाव आधी हॉस्पिटलशी जोडलेलं होतं म्हणून जमलं ते.

बेडवाला_डॉक्टर:
आरोग्यमित्रावरून डोक्यात आलंच नव्हतं, भारी. पण आमच्यातल्या एकाचे 12 च बेड आहेत, त्याचं काय?

क्लेमवाला:
एव्हरीव्हेअरमध्ये नाही बसणार. पण 10 लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात पॉलिसीतली हॉस्पिटलची व्याख्या 10 बेडचीच असते, 24 तास नर्स आणि ओटी वगैरे आहे ना? मग रिइम्बर्समेंट होतं, म्हणजे पेशंटनं आधी बिल भरायचं आणि नंतर विमा कंपनीकडून पैसे परत घ्यायचे. त्याच्या पेशंटचे कागद तुमच्याच डेस्कवरून जाऊ देत.