पाड्यांना सोलर मायक्रोग्रिड देणं म्हणजे बोळवणच

बोरिवलीकर:
"दुर्गम पाड्यांवर लाइन ओढण्यात पैसे घालवू नका, सोलर मायक्रोग्रिड (पॅनल, बॅटरी आणि तारांचं गावापुरतं छोटं वीजकेंद्र) बसवा, त्यांना दोन बल्ब आणि मोबाइल चार्जिंग पुरतं" ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. पुरतं हे ठरवणारे आपण कोण? बिहारमध्ये धरनईला २०१४ साली १०० किलोवॉटचं मायक्रोग्रिड झालं, केवढा गाजावाजा, आणि गावकऱ्यांनी उद्घाटनाला आलेल्या माजी मुख्यमंत्र्यांपुढेच 'असली बिजली', म्हणजे लाइनची वीज मागितली. मायक्रोग्रिडवाले फ्रिज लावू नका असं सांगायचे, वर युनिट लाइनपेक्षा महाग. मग लाइन आली, बॅटऱ्या मेल्या, तिथे गुरं बांधायला लागले.

दादर_इंजिनिअर:
धरनईच्या पलीकडे काही दिसतच नाही का लोकांना? जुन्नरच्या दरेवाडीत २०१२ ला सोलर मायक्रोग्रिड झालं, ते बघा. चाळीसेक घरं, मीटर, गावाची समिती, पिठाची गिरणीसुद्धा. डोंगरात लाइन नेली तरी पावसात एक झाड पडलं की आठ दिवस अंधार, लायनमन वर चढून येतो का?

उरणची_सून:
लाइनची किंमत आम्हाला विचारा. माझी नणंद घारापुरीत दिलीय. गेटवेवरून तासाभराची लाँच, मुंबईचा झगमगाट समोर, आणि बेटावर संध्याकाळी काही तास जनरेटर, बस. २०१८ ला समुद्राखालून केबल आली तेव्हा घरात फ्रिज आला, मासळी टिकायला लागली. सोलरवर भागवा असं तेव्हा कोणी म्हटलं असतं तर नणंदेने पायरीवरून हाकललं असतं.

दादर_इंजिनिअर:
घारापुरीला केबल मिळाली कारण तिथे लेणी आहेत, १९८७ पासून जागतिक वारसा आहे, पर्यटक येतात. नंदुरबारमधल्या धडगावच्या पाड्याला कोण देणार?

उरणची_सून:
म्हणजे पर्यटकांमुळे मिळाली म्हणून आमच्या माणसांचा हक्क कमी? राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर, तिन्ही गावांनी सत्तर वर्षं वाट बघितलीय. नीट बोला.

दादर_इंजिनिअर:
हक्क कमी असं मी कुठे म्हटलं ताई? सत्तर वर्षं वाट बघायला लागली हाच तर माझा मुद्दा आहे, तोवर पाड्यातल्या पोरांनी चिमणीवरच अभ्यास करायचा का?

ठाणे_वेस्ट:
धडगावचं निघालंच आहे तर त्याच तालुक्यातलं बिलगाव आठवा. २००३ मध्ये गावाने श्रमदान करून १५ किलोवॉटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा केला, २००६ ला सरदार सरोवराच्या फुगवट्यात गेला. गावाने केलेलं टिकवायची कोणाची इच्छाच नसते, सोलर काय नि पाणी काय.

बोरिवलीकर:
विषय भरकटतोय. माझी मावशी जव्हारकडे आश्रमशाळेत शिकवायची. सोलर बसवलं, उद्घाटन झालं, फोटो झाले, दोन पावसाळ्यांत बॅटरी निकामी झाली, फोन केला तर कंत्राटदार उचलेना. नंतर मुलं कंदिलावर. लेड अॅसिड बॅटरी चार-पाच वर्षांत बदलावीच लागते, तो पैसा कोणी बाजूला ठेवतं का?

दादर_इंजिनिअर:
बॅटरीचं मान्य, तिथे सगळे मार खातात. पण दरेवाडीत लोक महिन्याला पैसे भरायचे ते त्यासाठीच. आणि लाइन आली की मायक्रोग्रिड तिलाच जोडता येतं, धरनईत ते केलं नाही म्हणून पॅनल वाया गेले.

बोरिवलीकर:
ठीक, जोडता येत असेल तर बसवा. पण मग कंत्राटातच लिहा की लाइन कधी येणार आणि तोवर गिरणी, पंप चालेल एवढी वीज देणार. दोन बल्बवाल्या पोस्टला माझा विरोध कायम.

उरणची_सून:
आणि बॅटरी कोण बदलणार त्याचं नाव, फोन नंबर गावात पाटीवर लावा.