१० मीटरची एचडीएमआय केबल (पिक्चर-आवाज नेणारी) भिंतीत घालताय?
प्रोजेक्टरला १० मीटरची साधी कॉपर, म्हणजे तांब्याच्या तारांची, एचडीएमआय चालेल का विचारलंय, तर चालेलही, पण नशिबावर. फोंड्याला आमच्या घरी मी तीच घातलेली, १०८०पी (फुल एचडी) एकदम मस्त पण ४के ६० हर्ट्झ (त्याहून बारीक पिक्चर, सेकंदाला ६० फ्रेम) लावलं की पांढरे ठिपके चमकायचे नि मध्येच स्क्रीन काळी, त्याला १८ जीबीपीएसपर्यंत (सेकंदाला १८ गिगाबिट) डेटा जावा लागतो ना. शेवटी ऑप्टिकलवाली (प्रकाशाने सिग्नल नेणारी) घेतली, तिला दिशा असते बरं का, ‘सोर्स’ लिहिलेलं टोक प्लेअरकडेच, मी आधी उलटी ओढली आणि स्वतःलाच शिव्या घातल्या. सोन्याच्या मुलाम्याने पिक्चर सुधारत नाही, आपल्या दमट हवेत पिना लवकर गंजत नाहीत एवढंच. आणि हो, प्लास्टरच्या आधी पाइप रुंद टाका, केबलचं डोकं त्यातून जायला हवं!