मदत हवी आहे: दुरुस्ती मर्ज झाली, रिलीज निघेना

नमस्कार मंडळी. घणसोलीतल्या एका संस्थेची ड्रुपलवर (वेबसाइट बनवायची मुक्त प्रणाली) चालणारी साइट सांभाळतो. तिच्या एका मॉड्यूलच्या (जोड-घटकाच्या) बगमुळे देणगीच्या पावतीवर यूटीसीची (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेची) तारीख छापली जाते. म्हणजे १ एप्रिलला पहाटे ५:३० आधी आलेली देणगी थेट गेल्या आर्थिक वर्षात! दुरुस्ती डेव्ह ब्रँचमध्ये (काम चालू असलेल्या कोडमध्ये) मर्ज होऊन, म्हणजे मिसळून, चार महिने झाले, नवी आवृत्ती नाही. मॉड्यूल सांभाळणारा मेंटेनर बिचारा फुकट राबतो, तगादा लावणं जिवावर येतं.

सध्या दुरुस्तीची डिफ (बदललेल्या ओळींची फाइल) उतरवून कंपोझर-पॅचेस या साधनाने पॅच म्हणून लावतोय. (मर्ज रिक्वेस्टची, म्हणजे बदल मिसळायच्या विनंतीची, थेट लिंक देऊ नका, तिथे नवा बदल (कमिट) आला की आपला कोडही गुपचूप बदलतो.) डेव्ह आवृत्ती घ्यावी, तर तिला ड्रुपलच्या सुरक्षा टीमचं संरक्षण नसतं. पॅचवरच राहू की को-मेंटेनर व्हायची तयारी दाखवू? कुणी असं केलंय का?